दहा हजार दुपारी

निवृत्त झालेल्या नवऱ्याने बाग करावी, देवळात जाऊन बसावं, गेलाबाजार वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवावं. आमच्या ह्यांनी गंगापूर धरणावर जाऊन शिडाची होडी चालवायला शिकायला सुरुवात केली. नाशिकचा माणूस, वय साठ, लग्न होईपर्यंत समुद्र दोनदा पाहिलेला. मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, पाण्यात पडले की उतरेल. हे पाण्यात पडले सतरा वेळा. खूळ उतरलं नाही.

धरणावरून गोव्याला गेले, परीक्षा दिली, कप्तानाचं प्रमाणपत्र आणलं. मलाही ओढत नेलं आणि मीही दोरांच्या गाठी शिकले. मग जेवणाच्या टेबलावर अंदमानचा नकाशा पसरला, तो नऊ वर्षं तिथेच राहिला. आम्ही नऊ वर्षं बेटांवर ताटं ठेवून जेवलो. कितीतरी बेटांवर आमटीचे डाग आहेत.

बेत असा की अंदमानात नुसती बोट भाड्याने घ्यायची. नुसती म्हणजे अगदी नुसती. कप्तान मिळत नाही, खलाशी नाही, स्वयंपाकी नाही. आठ दिवस आपणच शीड लावायचं, आपणच नांगर टाकायचा, आपणच भात टाकायचा. ह्यांच्याकडे सगळं लिहून तयार होतं. भरती-ओहोटीची वेळापत्रकं, कुठल्या बेटाच्या कुठल्या बाजूला वाळूचा तळ आहे आणि कुठे प्रवाळ, किती खोल पाण्याला नांगराची किती साखळी सोडायची. माझ्याकडे भाजणी, मेतकूट आणि मुगाची डाळ होती.

दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. आमच्या लेकीचं, ऋचाचं लग्न, मग तिचं बाळंतपण, माझा गुडघा. आणि बघता बघता शेवटचं वर्ष आलं. कप्तानाचं ते प्रमाणपत्र सत्तर वर्षांपर्यंतच चालतं. अठरा मार्चला ह्यांना सत्तर पूर्ण होणार होती. म्हणजे या हिवाळ्यात जायचं, नाहीतर नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकायचा.

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी, ती पूर्वफेरीची.

पाच-सहा वर्षांपूर्वी अशा भाड्याच्या बोटी खडकावर चढायचं प्रमाण फार वाढलं, तेव्हा विमावाल्यांनी नियम केला की आधी पूर्वफेरी, मग बोट. पूर्वफेरी म्हणजे संगणकाच्या आत केलेला प्रवास. बोटीची हुबेहूब नक्कल असते, समुद्राची असते, वारा, भरती, प्रवाळ, सगळं असतं. पण खरी गंमत माणसांची. तुमची स्वतःची नक्कल तयार करतात, तिला प्रतिरूप म्हणतात. त्यासाठी तीन आठवडे मनगटाला पट्टी बांधायची आणि घरात साबणाच्या वडीएवढी एक डबी ठेवायची. पट्टी नाडी बघते, झोप बघते, हात कधी थरथरतो ते बघते. डबी घरातले आवाज ऐकते. वर तीनशे प्रश्नांची उत्तरं द्यायची.

या सगळ्यातून जे प्रतिरूप निघतं त्याला तुमच्या मनातलं काही कळत नाही. त्याला तुमच्या सवयी कळतात. घाबरल्यावर तुम्ही ओरडता की गप्प होता, चूक झाली की कबूल करता की दुसऱ्याच्या गळ्यात मारता, एवढंच. मग ती दोन प्रतिरूपं त्या नकली बोटीवर चढवतात आणि तोच प्रवास दहा हजार वेळा करायला लावतात, दर वेळी हवा वेगळी, नशीब वेगळं. शंभरातल्या सत्त्याण्णव फेऱ्या सुखरूप झाल्या तर खरी बोट मिळते. संधी तीनच.

निळाई नौकाविहार नावाची कंपनी होती. तिथली मृण्मयी केणी आमचं काम बघायची. ऋचाहून लहान, बोलायला गोड, आम्हाला काका-काकू म्हणायची. पहिल्या फेरीचा आकडा तिने फोनवर सांगितला.

"काका, एक्याण्णव पूर्णांक तीन."

हे नकाशावर हात फिरवत राहिले.

दुसऱ्या वेळी ह्यांनी मार्ग बदलला. उत्तरेकडची दोन अवघड बेटं काढून टाकली, जास्त लांब साखळीची बोट निवडली. मी माझ्या परीने स्टोव्ह बदलला. आकडा आला एक्याण्णव पूर्णांक चार.

"माझंच काहीतरी कमी पडतंय, चारू," हे म्हणाले. "तुझं काही नाही त्यात. मी म्हातारा झालो."

नऊ वर्षांत हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पण कमी कोणाचं पडतंय ते मला ठाऊक होतं. मी पहिल्या फेरीनंतरच माझा अहवाल वाचला होता.

त्याचं असं की प्रत्येकाचा अहवाल फक्त त्याचा त्यालाच दिसतो. खासगीपणाचा कायदा आहे. नवऱ्याचा बायकोला नाही, बायकोचा नवऱ्याला नाही. माझ्या अहवालात एकच परिच्छेद होता आणि तो वाचून मी तडक मृण्मयीला फोन लावला होता.

"काय गं, हे काय लिहिलंय? 'सहप्रवासी क्रमांक दोन गजर बंद करते.' कुठला गजर?"

"नांगराचा, काकू. नांगर तळाला धरून राहिला नाही, बोट सरकायला लागली, की गजर वाजतो. दहा हजारांपैकी आठशेसत्तर वेळा तुमची बोट खडकाला लागली. त्यातल्या आठशेअकरा वेळा दुपारी. एक ते तीनमध्ये."

"आणि गजर मी बंद करते?"

"तुमचं प्रतिरूप करतं. पहिले दोन दिवस तो गजर उगीचच वाजतो, भरतीने बोट फिरली तरी वाजतो. मग तिसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की तुम्ही तो बंद करून ठेवता. नांगर सुटलाय हे तुम्हाला पुष्कळदा दिसतंसुद्धा. पण तुम्ही काकांना उठवत नाही. थोडा वेळ बघू म्हणता. तेवढ्यात उशीर होतो."

"ती नकली बया मला काय सांगणार मी काय करते ते! मला काय अक्कल नाही? बोट बुडताना मी नवऱ्याला झोपू देईन?"

"काकू, तुमच्या घरची दारावरची बेल रोज दुपारी एकला बंद होते ना?"

मी फोन ठेवला. उद्धट कार्टी, असं मोठ्याने म्हणाले. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले ती बराच वेळ उठले नाही.

बेल बंद होते, हे खरं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे सातपूरला एका कारखान्यात रात्रपाळी करायचे. सकाळी घरी यायचे, तेव्हा सासूबाईंचं दवाखान्याचं सुरू होतं, ते सगळं उरकायचे, जेवायचे आणि एकला आडवे व्हायचे. तेवढीच झोप. एकदा माझी मावसबहीण अचानक आली. आम्ही दोघी अशा खिदळलो की हे उठून बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत आमच्यात गप्पा मारत बसले. कपाळावर आठीसुद्धा नाही. तसेच रात्री कामावर गेले. पहाटे फोन आला. डाव्या करंगळीचं टोक प्रेसच्या यंत्रात गेलं होतं.

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून बेलला वेगळं बटण बसवून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुपारी एक ते तीन कुकरची शिट्टी होत नाही. कुणी चपला घालून चालत नाही. भाजीवाल्याला मी कोपऱ्यावर गाठून गप्प करत असे. "बाबा झोपलेत," हे ऋचाने शिकलेलं पहिलं पूर्ण वाक्य. रात्रपाळी सुटली, कारखाना सुटला, हे निवृत्त झाले, तरी एक वाजला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. प्रेम प्रेम म्हणतात ते मला दुसऱ्या कुठल्या रीतीने करता आलंच नाही. आणि आता ती डबी सांगत होती की यांची बोट त्याच प्रेमापायी बुडतेय.

सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे करंगळीपासून सांगावं लागलं असतं. मी स्वतःला म्हटलं, थोडा वेळ बघू. नवीन मार्गाने जमेल, नवीन साखळीने जमेल. आणि दुसरी संधी अशीच फुकट गेली.

ऋचाचा बंगळूरहून फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, पोरगी धीर देईल.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे तू हे बाबांना सांगत नाहीयेस, कारण त्यांना वाईट वाटेल?"

"मग काय तर!"

"अगं, मग त्या बोटीवर तू हेच तर करतेस ना!"

मला इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं बोललं की राग येतोच.

तिसऱ्या दिवशी, मंगळवार होता, मी जेवणं झाल्यावर बेलचं बटण बंद केलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी चपला घातल्या, मुद्दाम फटफट वाजवत झोपायच्या खोलीपाशी गेले आणि दार उघडलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला दुपारचं कधी उठवलं नव्हतं.

"अहो."

"बोल," हे लगेच म्हणाले.

आवाज अगदी ताजा. माझ्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही, कारण मी रडायच्या बेतात होते. पलंगाच्या कडेवर बसून मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. गजर, आठशेअकरा फेऱ्या, बेलचं बटण, मावसबहीण. शेवटी ती करंगळी हातात धरली आणि म्हटलं, "ही माझ्यामुळे गेली. आणि आता तुमची बोटही माझ्यामुळेच जाणार."

हे उठून बसले. माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, तरी थांबेनात.

"अहो, मी इथे रडतेय!"

"थांब, थांब." यांनी उशीखालून मोबाईल काढला आणि स्वतःचा अहवाल माझ्यासमोर धरला. त्यातही एकच परिच्छेद होता.

'सहप्रवासी क्रमांक एक दुपारी केबिनमध्ये पडून असतो. जागा असतो. नांगराची साखळी तळाला घासल्याचा आवाज त्याला ऐकू येतो. तो उठत नाही. दुपारची सरासरी झोप: शून्य मिनिटं.'

मी तो दोनदा वाचला.

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे शून्य. निवृत्त झाल्यापासून मला दुपारी झोप येतच नाही गं."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"मग रोज इथे काय करत होतात?"

"पंख्याकडे बघत बोट चालवत होतो," हे म्हणाले. "कुठल्या बेटाला कुठून वळायचं, सगळं पाठ झालंय. अगं, तू बेल बंद करतेस, कुकर लावत नाहीस, अनवाणी चालतेस. इतकी मांजराच्या पावलांनी वावरतेस माझ्यासाठी. तुला कुठल्या तोंडाने सांगू की मला झोप येत नाही? तुला काय वाटलं असतं?"

मी उशी उचलून हाणली. अगदी जोरात. "मी नऊ वर्षं आवाज बंद करून मालिका बघतेय! ओठ हलताना बघून गोष्ट लावतेय मी! आणि तुम्ही इथे डोळे टक्क उघडे ठेवून समुद्रात फिरताय!"

"तेच तर त्या दोघांचं होतंय बोटीवर," हे हसत म्हणाले. "तू वर बसून म्हणतेस, झोपू दे बिचाऱ्याला. मी खाली पडून म्हणतो, उठलो तर हिला कळेल मी झोपलो नव्हतो. आणि बोट चालली खडकावर. दोघंही ठार जागे!"

मलाही हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, अशी आमची वरात. मग हे एकदम गंभीर झाले आणि करंगळी पुढे केली.

"ही तुझ्यामुळे गेली असं तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुमची झोप झाली नव्हती."

"चारू, त्या प्रेसला जाळी असते. हात आत जाऊ नये म्हणून. काम पटापट उरकायला मी ती काढून ठेवली होती. त्या दिवशीच नाही, रोजच काढायचो. झोप झाली असती तरी कधीतरी ती जायचीच. साहेबांना हे मी त्याच दिवशी सांगितलं. मला वाटलं, तुलाही माहीत आहे."

कुठून माहीत असणार? आम्ही त्या विषयावर कधी बोललोच नव्हतो. छत्तीस वर्षं मी ते मनात घेऊन या घरात अनवाणी चालत होते. त्या दुपारी मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. बाहेर कुरियरवाल्याने बेल वाजवली, दोनदा वाजवली. आम्ही कोणीच उठलो नाही.

मृण्मयीला दोघांनी मिळून फोन केला. तिला दोन्ही अहवाल माहीत होते, पण कायद्याने तिचं तोंड बांधलेलं. ती म्हणाली, "हुश्श! काका, किती दिवस मी वाट बघतेय." मग तिने समजावलं की नुसतं ठरवून प्रतिरूप बदलत नाही. त्याला तुमचे संकल्प कळत नाहीत, वागणं कळतं. पट्टी आणि डबी अजून पंधरा दिवस ठेवायची आणि खरोखर तसं वागायचं.

ते पंधरा दिवस विचारू नका. मी दुपारी दीडला कुकर लावायचे आणि शिट्टी झाली की माझीच छाती धडधडायची. मी हाक मारली की ह्यांनी लगेच उठायचं, झोप येत नसेल तर पडायचंच नाही, असं ठरलं. पहिल्या दिवशी हे सवयीने एकला आडवे झाले आणि मी सवयीने बटणाकडे गेले. दोघंही अर्ध्या वाटेवरून परत आलो. पाचव्या दिवसापासून आम्ही दोनला चहा करून नकाशासमोर बसायला लागलो. हे मला नांगर टाकायच्या जागा शिकवायचे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, एक पुढची, एक मागची. त्या एकमेकींपासून सरकल्या की समजायचं, बोट चालली. एवढ्या वर्षांत आम्ही दुपारी कधी बोललो नव्हतो. बोलण्यासारखं पुष्कळ साठलं होतं.

तिसरा आकडा आला सत्त्याण्णव पूर्णांक एक. ह्यांनी नकाशावरची पाण्याची बाटली उचलून सगळ्या बेटांवर सांडली. आनंदाने हात हलला, दुसरं काही नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अंदमानात बोटीवर चढलो. चौथ्या दिवशी सकाळी वारा जोराचा होता. ह्यांनी चार तास शीड आणि सुकाणू सांभाळलं. प्रवाळ दिसायला ऊन डोक्यावर लागतं, म्हणून साडेअकराला एका निर्जन बेटाच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला. पाणी इतकं स्वच्छ की तळावर साखळी पडलेली दिसत होती. खिचडी आणि लिंबाचं लोणचं खाऊन हे खाली केबिनमध्ये टेकले. पाच मिनिटांत खालून घोरण्याचा आवाज आला.

मी जिन्यात जाऊन पाहिलं. तोंड उघडं, हात पसरलेले, करंगळी गादीबाहेर. नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस दुपारचा खराखुरा झोपला होता. मला इतकं भरून आलं की मी आपसूक चपला काढल्या.

मग वर येऊन बसले. समोर काळा खडक होता आणि बरोबर त्याच्या मागे एक वाळकं पांढरं झाड. ह्यांनी लावून दिलेल्या खुणा. जरा वेळाने पाहिलं तर झाड खडकाच्या उजवीकडे होतं. गजर वाजला नव्हता, पण उगीच वाजू नये म्हणून आम्ही त्याची मर्यादा वाढवून ठेवली होती. बोट नुसती फिरली असेल, असं मला वाटलं. मी मागे वळून बघितलं. प्रवाळाची तपकिरी पट्टी जेवताना होती त्यापेक्षा जवळ वाटली. पण नक्की सांगता येईना. खालून घोरणं ऐकू येत होतं. किती वर्षांनी लागलीय झोप. थोडा वेळ बघू.

थोडा वेळ बघू. हे शब्द मनात आले मात्र, मी ताडकन उभी राहिले.

"अहो! उठा! नांगर सुटला!"

इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. बेटावरचे पक्षी उडाले. हे धडपडत वर आले, झाडाकडे पाहिलं, मागे पाहिलं आणि इंजिन चालू केलं. आता कुठे गजर बोंबलायला लागला. मी पुढे जाऊन नांगर वर घेतला. आम्ही बोट आत नेली, वाळूचा मोठा पट्टा बघून पुन्हा नांगर टाकला, साखळी जास्त सोडली. मी ओरडले तेव्हा प्रवाळाची पट्टी आमच्यापासून जेमतेम दोन बोटींच्या लांबीवर राहिली होती.

काम झाल्यावर हे माझ्याशेजारी बसले. डोळे सुजलेले, गालावर उशीच्या घड्या.

"काय गाढ झोप लागली होती गं," हे म्हणाले.

"वाईट वाटलं उठवलं म्हणून?"

"नाही," हे म्हणाले. "तू वर आहेस म्हणून तर लागली."

अर्धा तास दोघांनी त्या झाडाकडे आणि खडकाकडे बघितलं. झाड हललं नाही. मग ह्यांना जांभई आली, माझ्याकडे जरा ओशाळून बघत हे खाली गेले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले.

मी संध्याकाळच्या उसळीचे हरभरे कुकरमध्ये घातले आणि जिन्याच्या दारातून एक डोळा झाडावर ठेवून कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा माझा हात स्टोव्हच्या बटणाकडे गेला होता. तो मी मागे घेतला. तीन शिट्ट्या पूर्ण होऊ दिल्या. हे घोरतच होते.